कंस टाइप करायचा की नाही? साध्या टेक्स्टमधल्या मॅन्युअलची चिन्हे वाचकाला कशी समजावावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सॉफ्टवेअरचे मॅन्युअल साध्या टेक्स्ट फाईल्समध्ये, मराठीतून लिहिलेले आहे. लिहिणाऱ्यांनी मार्कडाउन (साध्या टेक्स्टमध्ये चिन्हे घालून शीर्षके, ठळक शब्द वगैरे दाखवायची आणि मग त्याचे वेबपान करायची पद्धत) वापरले, पण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण ती फाईल थेट टर्मिनलमध्ये किंवा एडिटरमध्ये उघडतात. समोर बॅकटिक (`), तारे, चौकोनी कंस, कोनी कंस असे सगळे एकत्र दिसते आणि नेमके टाइप काय करायचे ते कळत नाही. मग सुरुवातीला 'चिन्हांचे अर्थ' असा तक्ता द्यावा, की चिन्हेच काढून टाकावीत?

तक्ता जरूर द्या, पण तेवढ्याने भागणार नाही. मॅन्युअल पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही. माणूस अडतो, शोध घेतो आणि थेट मधल्याच एखाद्या ओळीवर येऊन पोचतो. तक्ता वर कुठेतरी राहून जातो. म्हणून आधी चिन्हे कमी करायची, मग उरलेल्यांना प्रत्येकी एकच काम द्यायचे, आणि त्यानंतर तक्ता. हा क्रम का, ते सविस्तर सांगतो. उदाहरणांसाठी 'जतन' नावाची एक काल्पनिक कमांड घेतो. खऱ्या कमांड रोमन लिपीत असतात, चिन्हांचे नियम मात्र तेच.

ही ओळ पाहा:

    `जतन [--संकुचित] -स <स्तर> <फाईल>...`

लिहिणाऱ्याला यात काहीच अवघड वाटत नाही. वाचणाऱ्यासमोर मात्र तीन वेगवेगळ्या जातींची चिन्हे एकाच ठशात आली आहेत. दोन्ही टोकांचे बॅकटिक मार्कडाउनसाठी आहेत; पान रूपांतरित झाले की ते नाहीसे होतात. चौकोनी कंस, कोनी कंस आणि तीन टिंबे वाचकासाठी आहेत. पान रूपांतरित झाल्यावरही ती दिसायला हवीत, पण टाइप करायची नाहीत. आणि 'संकुचित'च्या आधीच्या दोन आडव्या रेघा व 'स'च्या आधीची एक रेघ हा कमांडचाच भाग आहे, त्या टाइप केल्याच पाहिजेत. वाचकाच्या मनात प्रश्न एकच असतो: हे मी टाइप करू का? त्याची उत्तरे तीन: जसेच्या तसे करा, बदलून करा, करू नका. मॅन्युअलमधले प्रत्येक चिन्ह या तिन्हींपैकी कशात बसते ते वाचकाला जागच्या जागी कळले, तर तुमचे काम झाले.

बहुतेक तक्ते इथेच चुकतात. ते चिन्हांची नावे सांगतात. 'कोनी कंस म्हणजे प्लेसहोल्डर' असे वाक्य ज्याला प्लेसहोल्डर माहीत आहे त्यालाच समजते, आणि त्याला तक्त्याची गरजच नसते. नाव सांगू नका, कृती सांगा: 'कोनी कंस आणि आतला शब्द दोन्ही काढा, त्या जागी तुमच्या फाईलचे नाव लिहा.' आणि त्याखाली प्रत्यक्ष टाइप केलेली ओळ दाखवा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग या दुसऱ्या गोष्टीचा होतो. नमुना आणि भरलेली ओळ शेजारी शेजारी असली की नियम न वाचताही माणूस तो ओळखतो:

    नमुना:        जतन [--संकुचित] -स <स्तर> <फाईल>...
    प्रत्यक्षात:   जतन -स ३ हिशोब.टेक्स्ट
    किंवा:        जतन --संकुचित -स ५ हिशोब.टेक्स्ट पत्र.टेक्स्ट

दोन भरलेल्या ओळी मुद्दाम दिल्या आहेत. एकीत ऐच्छिक भाग गाळलेला आणि फाईल एकच, दुसरीत तो घेतलेला आणि फाईली दोन. चौकोनी कंस म्हणजे 'हवे तर', तीन टिंबे म्हणजे 'अशाच आणखी', हे दोन्ही त्यातून दिसते. एकच भरलेली ओळ दिली तर ते दिसत नाही.

कोनी कंसाबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण चूक झाली तर सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते. कोनी कंसात नाव घालायची पद्धत संगणकशास्त्रात १९६० पासून रुळली. त्या वर्षीच्या, अल्गोल ६० या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अहवालात भाषेचे व्याकरण लिहिताना जॉन बॅकस आणि पीटर नॉर यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी वापरली होती, आणि तिच्यात व्याकरणातल्या घटकांची नावे अशा कंसांत होती. पुढे युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हीच दोन चिन्हे वेगळ्या कामाला लागली. डावा कंस म्हणजे 'या फाईलमधून आत घे', उजवा म्हणजे 'या फाईलमध्ये बाहेर टाक'. एकच चिन्ह, एक अर्थ कागदावर आणि दुसरा टर्मिनलमध्ये.

मी काम करत होतो अशा एका ठिकाणी मॅन्युअलमध्ये ही ओळ होती:

    तपास <महिन्याची-फाईल> वार्षिक-अहवाल

नव्याने आलेल्या सहकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मधले नाव बदलले, पण कंस तसेच ठेवले. त्याने टाइप केले:

    तपास <जानेवारी> वार्षिक-अहवाल

शेलने याचा अर्थ लावला की 'जानेवारी' ही फाईल आत घ्यायची आणि जे बाहेर पडेल ते 'वार्षिक-अहवाल'मध्ये टाकायचे. बाहेर टाकण्यासाठी फाईल उघडताना शेल आधी ती रिकामी करतो. कमांडला तर एकही नाव मिळाले नव्हते, ती चूक दाखवून थांबली; पण तोवर वर्षभराचा अहवाल शून्य बाइटचा झाला होता. बॅकअप होता म्हणून निभावले. त्या मुलाने मॅन्युअल वाचले होते आणि त्यात सांगितलेलेच केले होते. दोष मॅन्युअलचा होता. तेव्हापासून मी कुठलेही मॅन्युअल तपासताना आधी कोनी कंस शोधतो.

'हे तर सगळ्यांना माहीत असते' असे कोणी म्हणाले, तर त्यांना पॉझिक्सचे उदाहरण सांगा. युनिक्ससारख्या प्रणालींच्या या मानकात कमांडचे नमुने कसे लिहावेत यावर वेगळे प्रकरण आहे. कोनी आणि चौकोनी कंस कमांडला द्यायच्या माहितीत घालायचे नाहीत, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. ज्यांच्यासाठी ते मानक आहे ते कसलेले लोक, तरीही लिहिणाऱ्यांना ते सांगावेसे वाटले. आपल्या नवख्या वाचकाला ते सांगण्यात कमीपणा कसला?

चौकोनी कंस तसेच टाइप केले तर शेल त्यांना फाईलची नावे जुळवायचा नमुना समजतो. कधी चूक दिसते, कधी काहीतरी भलतेच जुळते. 'यापैकी एक निवडा' यासाठी आपण उभी रेघ वापरतो, आणि शेलमध्ये उभी रेघ म्हणजे एका कमांडचे उत्तर दुसऱ्या कमांडला देणे. म्हणजे 'सुरू|बंद' असे जसेच्या तसे टाइप केले तर शेल 'बंद' नावाची कमांड शोधायला जातो. पर्याय दोन-तीनच असतील तर उभी रेघ वापरूच नका. दोन ओळी लिहा, एक 'सुरू'ची आणि एक 'बंद'ची. जागा थोडी जास्त जाते, पण समजावून सांगायचे एक चिन्ह कमी होते.

प्रॉम्प्टचीही, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी टर्मिनल दाखवते त्या चिन्हाचीही, अशीच गोष्ट. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचे चिन्ह असेल तर साध्या वापरकर्त्याने चालवायची कमांड, आणि # असेल तर प्रशासकाने चालवायची, हा जुना संकेत आहे. डॉलरसकट कॉपी केले तर निदान 'अशी कमांड सापडली नाही' असा संदेश तरी येतो. # सकट बॅश या शेलमध्ये पेस्ट केले तर शेल ती ओळ शेरा समजून सोडून देतो. चूक नाही, संदेश नाही, काहीच नाही. वाचकाला वाटते कमांड चालली. तो पुढच्या पायरीवर जातो आणि तिथे जे बिघडते त्याचे कारण त्याला कधीच सापडत नाही. म्हणून कॉपी करायच्या ओळींत प्रॉम्प्ट घालू नका. 'ही कमांड प्रशासक म्हणून चालवा' असे वरच्या वाक्यात लिहा. प्रॉम्प्ट ठेवण्याचे एकच पटण्यासारखे कारण आहे: एकाच चौकटीत कमांड आणि तिचे उत्तर दोन्ही दाखवायचे असते तेव्हा. तसे असेल तर त्याच ठिकाणी 'डॉलरच्या पुढचा भाग तुम्ही टाइप करायचा, बाकीच्या ओळी संगणकाचे उत्तर' असे एक वाक्य घाला.

आता दुसरा भाग: मार्कडाउनची चिन्हे काढून टाकावीत का? नाही. पण कोणती ठेवायची ते निवडावे लागेल.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन प्रसिद्ध केले तेव्हा मूळ कल्पना हीच होती की फाईल रूपांतर न करताही वाचता यावी. त्यांनी चिन्हे बरीचशी ईमेलच्या जगातून उचलली. लोक आधीपासूनच साध्या मजकुरात जोर देण्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा घालत होते. १९९५ च्या ऑक्टोबरमधल्या आरएफसी १८५५ या नेटवरच्या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीच्या मानकांची आणि सूचनांची क्रमांकित दस्तऐवजमाला) ती सवय सल्ला म्हणून नोंदलेलीही आहे. म्हणजे मार्कडाउनमध्ये काही चिन्हे अशी आहेत जी कच्च्या फाईलमध्येही सहज वाचली जातात, आणि काही यंत्राच्या सोयीची. पहिल्या प्रकारची वापरा, दुसऱ्या प्रकारची टाळा.

उदाहरणार्थ शीर्षके. मार्कडाउनमध्ये ती दोन तऱ्हांनी देता येतात: ओळीच्या आधी # लावून किंवा ओळीखाली बरोबर चिन्हांची वा आडव्या रेघांची रांग देऊन. दुसरी तऱ्हा कच्च्या फाईलमध्ये खरोखर शीर्षकासारखी दिसते, आणि # चा प्रशासकाच्या प्रॉम्प्टशी गोंधळही होत नाही. तिच्यात दोनच पातळ्या मिळतात हे खरे. पण मॅन्युअलच्या एका फाईलला तिसरी पातळी लागत असेल तर ती फाईल बहुधा दोन फाईलींत विभागायला झालेली असते.

कमांडसाठी बॅकटिकच्या चौकटीऐवजी चार मोकळ्या जागांचे इंडेंट वापरा. मार्कडाउनमध्ये त्याचाही कोड ब्लॉक होतो आणि कच्च्या फाईलमध्ये एकही जादा चिन्ह राहत नाही. यादीतल्या मुद्द्याखाली मात्र आणखी आत सरकावे लागते, तेवढे तपासा. बॅकटिक निरुपद्रवी वाटतात, पण शेलमध्ये बॅकटिकांतली कमांड आधी चालवली जाते आणि तिचे उत्तर त्या जागी ठेवले जाते. वाचकाने ते सोबत टाइप केले तर त्या कमांडने छापलेला मजकूर शेल नवी कमांड समजून चालवायला जातो. इंडेंट दिलेली, स्वतंत्र ओळीवरची कमांड यातून वाचवते.

स्वतंत्र ओळीचा आणखी एक फायदा. वाक्याच्या शेवटी कमांड आली की पूर्णविराम कोणाचा, हा प्रश्न उरतो. बऱ्याच कमांडमध्ये एकटे टिंब म्हणजे 'सध्याची डिरेक्टरी'. 'मग जतन . चालवा' यातले टिंब आवश्यक आहे, आणि 'मग चालवा जतन.' यातले नाही. वाचकाने हे कशावरून ओळखायचे? कमांड वाक्यातून बाहेर काढली की प्रश्नच मिटतो.

दुव्यांसाठी चौकोनी कंसात शब्द आणि लगेच गोल कंसात पत्ता ही पद्धत कच्च्या वाचकाला त्रासाची आहे, कारण तुम्ही चौकोनी कंसाला आधीच 'ऐच्छिक' हे काम दिलेले आहे. पत्ता मोकळ्या ओळीवर लिहा. तक्त्यांच्या आत कमांड कधीही ठेवू नका. उभ्या रेघांनी बनवलेल्या तक्त्यात उभी रेघ लिहायची तर आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, आणि कच्ची फाईल वाचणारा तीही टाइप करतो.

रूपांतरित पान वाचणाऱ्याचे वेगळेच हाल होतात. कच्ची फाईल वाचणाऱ्याला चिन्हे जास्त दिसतात, याला कमी. कोनी कंसात रोमन शब्द बॅकटिकांशिवाय लिहिला तर मार्कडाउन त्याला एचटीएमएलचा टॅग समजते आणि पानावरून तो शब्द गायब होतो. दोन फाईलींची नावे मागणारा नमुना पानावर नुसत्या कमांडच्या नावासारखा दिसतो. इथे देवनागरीचा अनपेक्षित फायदा आहे: टॅगचे नाव रोमन अक्षरानेच सुरू व्हावे लागते, त्यामुळे <फाईल> असे लिहिलेले गायब होत नाही. म्हणून कोनी कंसातले शब्द मराठीत ठेवा. आणखी एक लाभ असा की कमांड रोमनमध्ये आणि भरायच्या जागा देवनागरीत असल्या, तर काय जसेच्या तसे टाइप करायचे आणि काय बदलायचे ते लिपीच सांगते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना ही सोय नाही. मी मराठी मॅन्युअलमध्ये हा नियम कटाक्षाने पाळतो, आणि तक्त्यातली पहिली ओळ त्याचीच असते.

तारे आणि अंडरस्कोरही असेच गिळले जातात. नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेले पायथनमधले नाव बॅकटिकांशिवाय लिहिले तर पानावर ते ठळक होते आणि अंडरस्कोर जातात. काही रूपांतरक दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतात आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतात. छापील पुस्तकात ते शोभते. कमांडमध्ये लांब रेघ आली की ऑप्शन, म्हणजे रेघेने सुरू होणारा पर्याय, ओळखले जात नाही, आणि वाचकाला डोळ्याने फरक दिसत नाही. रूपांतरकातली ही सोय सरळ बंद करून टाका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास अडचण प्रत्ययांची आहे, आणि प्रश्नात तिचा उल्लेख नसला तरी ती तुम्हाला आलीच असेल. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात: 'जतनला', 'जतनने', 'जतनमध्ये'. आता 'जतन' हा शब्द चिन्हांत घालून पुढे 'ला' जोडला की काय होते? मार्कडाउनमध्ये बॅकटिक आणि तारे असतील तर सहसा चालते. अंडरस्कोर असेल तर चालत नाही, कारण शब्दाच्या मधले अंडरस्कोर जोर देण्यासाठी नाहीत असे कॉमनमार्कचा, म्हणजे मार्कडाउनच्या नेमक्या व्याख्येचा, नियम मानतो. तो पायथनसारख्या भाषांतली नावे वाचावीत म्हणून आहे, पण मराठीचा प्रत्यय त्यात सापडतो. तारे असले तरी आत अवतरणचिन्हे असतील आणि लगेच प्रत्यय आला तर तिथेही बिघडते. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मार्कडाउनसारख्याच दुसऱ्या पद्धतीत तर चिन्ह संपल्यावर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतेच. प्रत्यय जोडायचा तर मध्ये उलटी तिरकी रेघ आणि मोकळी जागा घालावी लागते, आणि कच्च्या फाईलमध्ये ते फार विचित्र दिसते. अॅस्कीडॉक या तशाच आणखी एका पद्धतीत शब्दाच्या मधल्या भागाला चिन्ह लावायचे असेल तर ते दुहेरी द्यावे लागते.

हे नियम पाठ करण्यापेक्षा वाक्य बदला. '`जतन`ला फाईल द्या' याऐवजी '`जतन` या कमांडला फाईल द्या'. '`--संकुचित`ने आकार घटतो' याऐवजी '`--संकुचित` या ऑप्शनने आकार घटतो'. प्रत्यय मराठी नामाला लागतो, कमांड मोकळी राहते, आणि ती चीज कमांड आहे, ऑप्शन आहे की फाईल आहे ते वाचकाला आपोआप कळते. काही जण प्रत्ययाआधी छोटी रेघ घालतात, 'जतन-ला' असे. ते अजिबात करू नका. ज्या जगात आडवी रेघ म्हणजे ऑप्शनची सुरुवात, तिथे ती सजावटीसाठी वापरणे म्हणजे वाचकाला खड्ड्यात लोटणे आहे.

देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत, यामुळेही काही संकेत आपल्याला घेता येत नाहीत. पुष्कळ कमांडच्या मदतीच्या मजकुरात भरायची जागा मोठ्या रोमन अक्षरांत दाखवतात. आपल्याला कंसच लागतात. तसेच मार्च १९९७ मधल्या आरएफसी २११९ ने 'केलेच पाहिजे', 'करावे', 'केले तर चालेल' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांना ठरावीक अर्थ दिले, आणि २०१७ मधल्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केले की तो विशेष अर्थ शब्द मोठ्या अक्षरांत असतील तेव्हाच घ्यायचा. मराठीत हा भेद क्रियापदाने करावा लागतो. मी तीन रूपे ठरवून ठेवली आहेत: 'केलेच पाहिजे', 'शक्यतो करावे' आणि 'केले तरी चालेल'. पूर्ण मॅन्युअलमध्ये चौथे रूप येऊ देत नाही. 'करायला हवे', 'करणे इष्ट', 'करणे अपेक्षित आहे' अशी विविधता निबंधात छान वाटते. इथे वाचक विचारतो की हे टाळले तर बिघडेल का, आणि त्याला उत्तर मिळत नाही.

ठळक आणि तिरप्या अक्षरांवर अर्थ टांगू नका, हेही यातच येते. युनिक्सच्या मॅन पेजेसमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्येच उघडणाऱ्या मदतीच्या पानांत, ठळक म्हणजे जसेच्या तसे टाइप करा आणि तिरपे म्हणजे बदला, असा संकेत आहे. टर्मिनलवर तिरप्याऐवजी बहुधा अधोरेखित दिसते. पडद्यावर हे उत्तम चालते. पण तीच ओळ ईमेलमध्ये किंवा चॅटमध्ये चिकटवली की ठळकपणा आणि रेघ दोन्ही जातात, आणि कोणता शब्द बदलायचा ते कळायला मार्ग उरत नाही. पूर्वी तर मॅन पेज फाईलमध्ये साठवले की प्रत्येक ठळक अक्षर दोनदा यायचे आणि मध्ये बॅकस्पेसचे चिन्ह असायचे, कारण ठळक करण्याची पद्धत टाइपरायटरसारखी होती: मागे जा आणि तेच अक्षर पुन्हा उमटवा. कंस मात्र मजकुराचाच भाग असतो, म्हणून कुठेही चिकटवला तरी टिकतो.

मॅन पेजमध्ये कमांडच्या नावापुढे गोल कंसात अंक दिसतो, त्याने नवे लोक हमखास गोंधळतात. तो मॅन्युअलच्या विभागाचा क्रमांक आहे: १ मध्ये कमांड, ३ मध्ये लायब्ररीतली फंक्शने, ५ मध्ये फाईलींची रचना. तो कमांडचा भाग नाही. तुमच्या मजकुरात असे संदर्भ असतील तर हे एक वाक्य तक्त्यात टाका, नसतील तर सोडून द्या.

आता तक्ता. मॅन या कमांडच्या स्वतःच्या पानावर, निदान लिनक्सवर सर्रास सापडणाऱ्या आवृत्तीत, अशा संकेतांचा पाच-सहा ओळींचा नेटका खुलासा आहे. पण ते पान उघडणारे फार थोडे. विम या एडिटरच्या मदतीत चिन्हांसाठी वेगळी नोंद आहे आणि ती नावाने शोधता येते, हे जास्त बरे. आपल्या मॅन्युअलमध्ये मी तक्ता एका छोट्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, आणि प्रत्येक फाईलच्या माथ्यावर एकच ओळ देतो: '<असे> दिसेल तिथे कंस काढून तुमची माहिती लिहा. बाकी चिन्हांसाठी "चिन्हे" ही फाईल पाहा.' सर्वांत धोक्याचे चिन्ह जागेवरच समजावलेले असते, उरलेली एका हाकेवर असतात. तक्ता साधारण असा:

    या मॅन्युअलमधली चिन्हे

    रोमन अक्षरे    जसेच्या तसे टाइप करा. आडव्या रेघांसकट.
    <मराठी शब्द>  कंस आणि शब्द काढा. त्या जागी तुमची माहिती लिहा.
    [ ... ]        आतला भाग हवा असेल तरच लिहा. चौकोनी कंस लिहू नका.
    ...            आधीची गोष्ट पुन्हा देता येते. टिंबे लिहू नका.
    ` `            मजकुरातली कमांड ओळखू यावी म्हणून. टाइप करू नका.

पाच ओळी. सातच्या वर गेलात तर तक्ता वाढवू नका, मॅन्युअलमधली चिन्हे कमी करा. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, दस्तऐवजांचे उदाहरण घ्या. ते २०१६ पासून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि त्याची पाने बनवणाऱ्या स्फिंक्स या साधनाकडे वळले, तरी तिथल्या मार्गदर्शनात मार्कअपचा अतिरेक करू नका, मजकूर मुळात साधा टेक्स्टच राहू द्या, असे बजावलेले आहे. इतका मोठा प्रकल्प थोडक्या चिन्हांत भागवायला सांगतो, तर आपलेही भागेल.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट वापरणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे एकेरी आणि दुहेरी बॅकटिक वेगळे असतात, कोडसाठी दुहेरी. आणि शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड चालत नाही. देवनागरीत काना-मात्रांमुळे डोळ्याने मोजलेली लांबी फसवी असते, म्हणून चार-पाच चिन्हे जास्तच द्या. लांब रेघेला कोणाची हरकत नसते.

स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्यांचाही विचार करा. विरामचिन्हे किती वाचायची ते ऐकणारा सेटिंगमध्ये ठरवतो. कमी ठेवली असतील तर कंस आणि बॅकटिक ऐकूच येत नाहीत. पूर्ण ठेवली असतील तर प्रत्येक ठळक शब्दाच्या आधी दोन तारे आणि नंतर दोन तारे ऐकावे लागतात. दोन्हींवर उपाय तोच: वाक्यात 'या कमांडला', 'या फाईलमध्ये' असे नाम असू द्या, म्हणजे चिन्ह ऐकू आले नाही तरी अर्थ पोचतो. आणि नमुन्याच्या खाली भरलेली ओळ द्या, कारण तिच्यात समजावण्यासारखे चिन्हच नसते.

हे सगळे जमले की नाही ते लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही. ज्याने हे सॉफ्टवेअर कधी वापरले नाही अशा एकाला शेजारी बसवा, फाईल उघडून द्या आणि काम सांगा. तुम्ही बोलू नका, पडद्याकडे बोट दाखवू नका. चाचणीच्या यंत्रावर करा, खऱ्या माहितीवर नाही. तो कुठे थांबतो आणि टाइप करताना कुठे मागे जाऊन खोडतो ते लिहून घ्या. मी हे केले तेव्हा ज्या ओळींची मला काळजी होती तिथे कोणी अडले नाही, आणि ज्या मी बिनधास्त लिहिल्या होत्या तिथे तिघांपैकी तिघेही अडले. एकाच बैठकीत निम्म्याहून जास्त दुरुस्त्या सापडतात.

जुन्या फाईली बऱ्याच असतील तर सगळ्या एकदम हातात घेऊ नका. आधी # ने सुरू होणाऱ्या कमांड शोधा आणि तो प्रॉम्प्ट काढा, कारण ती चूक गुपचूप होते. मग कोनी कंस: प्रत्येक नमुन्याखाली एक भरलेली ओळ घाला, आणि ज्या नमुन्यांत कोनी कंसानंतर कंस नसलेले फाईलचे नाव येते ते पहिल्यांदा. त्यानंतर वाक्यात अडकलेल्या कमांड बाहेर काढून इंडेंट द्या. प्रत्यय आणि शीर्षके सावकाश, ज्या फाईलला कारणपरत्वे हात लागेल तिच्यात. तक्ता सर्वांत शेवटी लिहा. तोवर किती चिन्हे उरली आहेत ते नक्की झालेले असेल.